चौथी फळी

माझा थोरला भाऊ क्लोव्हिस याने दोन वर्षांत दोन बंदुका काढून टाकल्या होत्या आणि आता तो तिसरी घ्यायला निघाला होता. आमच्या पूर्व केंटकीच्या डोंगरात नेम चुकला की बंदूक बदलतात. माणूस बदलणं गैरसोयीचं असतं.

गाडी मी चालवत होतो, कारण क्लोव्हिसचा परवाना एप्रिलमध्ये रद्द झाला होता. काचबिंदू. लेक्सिंग्टनच्या डॉक्टरने त्याला समजावून सांगितलं, की तुम्हाला मधलं दिसतं, कडेचं जात चाललंय. नळीतून पाहिल्यासारखं होईल आणि ती नळी बारीक होत जाईल. क्लोव्हिसने घरी येऊन बायकोला सांगितलं, "डॉक्टर म्हणतो, मी नळीतून बघतो. नेमबाजाला आणखी काय पाहिजे?"

बायकोला, म्हणजे इमोजीनला, हसू आलं नाही. आम्ही निघताना ती पोर्चच्या पायरीपर्यंत आली. क्लोव्हिस गाडीचं दार हाताने चाचपत होता, तेवढ्या वेळात तिने मला बाजूला घेतलं.

"रसेल, त्याने मला शब्द दिलाय. ही शेवटची. ऑक्टोबरच्या सामन्यात दोरी आली तर ठीक, नाहीतर घरातल्या सगळ्या बंदुका जातील."

"मग तुझी काय इच्छा आहे? खराब बंदूक निवडू का?"

"वेडा आहेस का? तो आता गाडी चालवत नाही, चर्चमध्ये पुस्तक उघडत नाही, पत्ते खेळत नाही. शनिवारी बंदूक घेतो म्हणून आंघोळ करतो. चांगली निवड. सगळ्यांत चांगली."

दोरी म्हणजे आमच्याकडचा हिशेब. साठ यार्डांवर जाळून काळी केलेली लाकडी फळी, तिच्या मधोमध पांढऱ्या कागदाचा तुकडा, त्यावर सुरीने कापलेली फुली. ओंडक्यावर नळी टेकवून, पालथं पडून पाच बार काढायचे. मग फुलीपासून प्रत्येक छिद्राच्या मध्यापर्यंतचं अंतर एकाच दोरीवर पुढे पुढे मोजत जायचं. ज्याची दोरी सगळ्यांत आखूड, त्याला बैलाची मागची तंगडी. बंदूक ठासणीचीच पाहिजे, नेम धरायची पुढची माशी आणि मागची खाच उघडी पाहिजे, भिंग चालत नाही. पाच छिद्रं नसतील तर दोरीच नाही. दोन वर्षांपूर्वी क्लोव्हिसच्या फळीवर चार होती. तेव्हा त्याने तीस वर्षं खांद्याला लावलेली बंदूक ड्यूई फ्रेलीला विकली. गेल्या वर्षी नव्या बंदुकीने तीन छिद्रं पाडली, आणि तीही विकली गेली.

होबार्ट स्टिडमची कार्यशाळा म्हणजे पूर्वीचं तंबाखू वाळवायचं कोठार. आत जवसाच्या तेलाचा आणि मेपलच्या भुशाचा वास, आणि होबार्ट. होबार्ट बंदुका बनवतो, दुरुस्त करतो आणि जुन्या विकतो. बोलतो मात्र असा, की गिऱ्हाईक आलं हीच त्याची तक्रार असावी.

"पुन्हा आलास?" तो क्लोव्हिसला म्हणाला.

"गेल्या वेळची नळी वाकडी होती."

"असेल," होबार्ट शांतपणे म्हणाला. ती नळी त्यानेच बनवली होती.

त्याने भिंतीवरून पहिली काढली. पन्नासची, म्हणजे अर्ध्या इंचाच्या तोंडाची, टोपीच्या चापाची, म्हणजे बारुदाच्या तांबड्या टोपीवर घोडा आपटून पेटणारी, हलकी आणि देखणी. दस्त्यावर पितळी पत्रा असा कापला होता की तिला चर्चमध्ये घेऊन जावं. क्लोव्हिसने ती खांद्याला लावली, दारातून पलीकडच्या उतारावर धरली आणि खाली घेतली.

"हलकी आहे. श्वास घेतला तरी हलेल."

"मग श्वास घेऊ नकोस. पाच बारांचं तर काम."

"मला त्यानंतरही जगायचंय, होबार्ट."

"तुझी मर्जी."

दुसरी पंचेचाळीसची होती. नळी जाड, आठ कोनांची, वजन पंधरा पौंडांच्या वर. ओंडक्यावर ठेवली की तिला धरायचीही गरज नाही, नुसतं शेजारी झोपायचं. मला ती पसंत पडली आणि मी तसं सांगितलं. टोपीचा चाप, पावसाळी हवेत दगा देणार नाही. गोळी जड, वाऱ्याने सरकणार नाही. मी मुद्दे बोटांवर मोजून दाखवले. मी कॉलेजात इंग्रजी शिकवतो. अशा माणसाला मुद्दे मोजल्याशिवाय राहवत नाही.

क्लोव्हिसने खूप वेळ तिच्यावरून पाहिलं.

"खाच दोन दिसतात."

"दोन्हींतून मार," होबार्ट म्हणाला.

"काय लांबड लावलीय तुम्ही," मी म्हणालो. "खाच धूसर दिसणारच. सत्तरीला आलाय तो."

"अडुसष्ट," क्लोव्हिस म्हणाला.

तिसरी होबार्टने भिंतीवरून काढली नाही. कोपऱ्यातून, गोणपाटात गुंडाळलेली एक लांबलचक बंदूक आणून बाकावर ठेवली. चाळीसची, गोळी जेमतेम वाटाण्याएवढी. चाप चकमकीचा. दस्ता होबार्टने नवा बसवला होता, पण नळी दीडशे वर्षांची तरी असावी. गोळीला फिरकी देणारे आतले आटे त्याने पुन्हा काढले होते. दिसायला ती बंदूक एखाद्या उपाशी म्हाताऱ्यासारखी होती. क्लोव्हिसचा अंगठा नळीवरून मागून पुढे सरकत गेला आणि एका जागी थांबला. तिथे लोखंडात पितळेचा छोटा तुकडा ठोकलेला होता. वीतभर पुढे तसाच दुसरा. आणि त्याच्याही पुढे, नळीच्या जवळजवळ मध्यावर, खरी खाच.

"खाच दोनदा पुढे नेलीय," क्लोव्हिस म्हणाला.

"ज्याची होती त्याने नेली. डोळा म्हातारा झाला की जवळचं पुसट होतं. मग खाच लांब न्यायची. पंचेचाळिशीत एकदा नेली असेल, साठीत एकदा. जुनी भोकं बुजवून टाकली."

"आणि त्यानंतर?"

"त्यानंतर तो मेला असेल. तेवढ्याला नळी पुरून उरली."

क्लोव्हिसने ती उचलून चौकटीवर टेकवली आणि गाल दस्त्याला लावला. बाहेर होबार्टचं कुत्रं कुणावर तरी भुंकलं, कंटाळलं आणि गप्प बसलं.

"दिसतेय," क्लोव्हिस म्हणाला.

मी त्याला सांगितलं की चकमकीची ठिणगी, मग बाहेरचं पेटवणीचं रंजक, मग आतली दारू, एवढ्या वेळात त्याचा हात हलेल. ऑक्टोबरच्या धुक्यात रंजक ओलं होईल. एवढीशी गोळी वाऱ्याबरोबर पुढच्या तालुक्यात जाईल. सगळं खरं होतं.

"रसेल," तो गाल न उचलता म्हणाला, "माशी दिसते, खाच दिसते, आणि पलीकडच्या कुंपणाचा खिळा दिसतो. तिन्ही एकदम. असं किती वर्षांनी दिसतंय, ठाऊक आहे तुला?"

मला ठाऊक नव्हतं. होबार्टने खाली बघत चाप पुसायला घेतला. त्याने किंमत सांगितली, ती आम्हाला वाटली होती त्यापेक्षा कमी होती. होबार्टच्या बाबतीत असं कधी घडत नाही. पण मी भावाकडे बघत होतो, म्हणून ते माझ्या डोक्यात शिरलं नाही.

पुढचे सहा आठवडे आम्ही त्या बंदुकीची मनधरणी केली. ठासणीच्या बंदुकीला आवडीनिवडी असतात आणि त्या ती सांगत नाही. घरामागच्या कुरणात एक खांब रोवून त्यावर फळी ठोकली. पहिल्या शनिवारी गोळ्या कोंबड्यांना टाकलेल्या दाण्यांसारख्या पसरल्या. दारू कमी केली. मग चिंधी बदलली. शर्टाच्या कापडाऐवजी गादीचं जाड कापड, थुंकीऐवजी मेंढीची चरबी. गोळी चिंधीत गुंडाळून गजाने खाली ठासताना हाताला सारखाच जोर लागला पाहिजे, म्हणून क्लोव्हिस प्रत्येक वेळी पुटपुटत मोजायचा. चौथ्या शनिवारी पाच छिद्रं तळहाताखाली झाकली गेली. पाचव्या शनिवारी इमोजीनच्या तळहाताखाली, आणि तिचा हात लहान आहे.

त्या दिवशी त्याने घेवड्याच्या दोन वाट्या आणि मक्याच्या पावाचे तीन तुकडे खाल्ले. ड्यूईला फोन करून विनाकारण त्याच्या गुडघ्याची चौकशी केली. इमोजीन मला दारापर्यंत सोडायला आली आणि म्हणाली, "तू पंचेचाळीसची घे म्हणाला होतास ना?"

"हो."

"बरं झालं, तुझं कुणी ऐकत नाही ते."

सामन्याच्या शनिवारी आकाश खरकट्या पाण्याच्या रंगाचं होतं, पण पाऊस नव्हता. शेताच्या वरच्या अंगाला ओंडके मांडलेले, खाली साठ यार्डांवर नऊ खांबांची रांग. खांब वर्षानुवर्षं ठरलेले असतात. डावीकडून पहिला आर्विल कोंब्सचा, दुसरा ड्यूईचा, तिसरा होबार्टचा, चौथा क्लोव्हिसचा, पाचवा माझा. आर्विल ऑगस्टमध्ये गेला. आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या खांबावर वर्षभर फळी लावत नाहीत. त्यावर त्याची टोपी अडकवून ठेवली होती. सकाळी सगळ्यांनी खाली जाऊन, आपापल्या टोप्या काढून, तिच्यासमोर जरा वेळ उभं राहून घेतलं. क्लोव्हिसही होता. आर्विलबद्दल दोन शब्द त्यानेच सांगितले. आर्विल चांगला शेजारी होता आणि दारू ओतताना हात आखडता घ्यायचा, हे ते शब्द.

मग आम्ही आपापल्या फळ्या ठोकल्या. क्लोव्हिसची मी ठोकली. त्याने ती शेकोटीवर इतकी बेताने जाळली होती, की हाताला काळं लागत होतं पण लाकूड शाबूत होतं. मग वर येऊन ओंडक्यांमागे पसरलो. एकदा बार सुरू झाले की पाच पुरे होईपर्यंत कुणी खाली जायचं नाही आणि दुर्बीण लावायची नाही, हा नियम. स्वतःचा नेम शेवटी सगळ्यांसमोरच कळावा, अशी आमच्या पूर्वजांची इच्छा होती. ती माणसं आनंदी नसावीत.

माझा नेम कधीच बरा नव्हता. माझी दोरी अकरा-बारा इंचांची असते. मला सामन्यात भाऊ घेऊन येतो, नाहीतर मी घरी निबंध तपासत बसलो असतो. त्या दिवशीही मी निम्मं लक्ष उजव्या डोळ्यात आणि निम्मं डाव्या कानात ठेवून होतो. क्लोव्हिसची चकमक एकदाही चुकली नाही. खट, फुस्स, धाड. मग धूर, मग गजाचा आवाज, मग पुटपुटून मोजणं. पाचव्या बारानंतर तो पालथाच राहिला, दस्त्यावर गाल ठेवून. थोड्या वेळाने मान न वळवता म्हणाला, "रसेल, पाचही गेल्या. मला कळतं ना. पाचही जाग्यावर गेल्या."

"अभिनंदन."

"आधी बघू तर."

खाली जाताना त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, दोघे भाऊ गप्पा मारत चाललेत. त्यासाठी तो गप्पाही मारत होता. तंगडी कुठल्या खाटकाकडे द्यायची, इमोजीनच्या बहिणीला त्यातलं किती पाठवायचं. मी उत्तरं देत होतो, आणि वीस पावलांवर असताना मला फळ्या नीट दिसल्या.

त्याची फळी स्वच्छ होती. कागद पांढरा, फुली जशीच्या तशी.

माझ्या फळीवर दहा छिद्रं होती. पाच मोठी, माझ्या पन्नासच्या गोळीची, आपापसांत भांडण झाल्यासारखी लांब लांब. आणि पाच बारीक, फुलीभोवती एकमेकांना चिकटून. त्यांतली दोन तर एकमेकांत मिसळली होती.

"काय झालं? थांबलास का?" क्लोव्हिसने विचारलं.

"बुटात खडा गेलाय."

त्याचा हात खांद्यावरून काढून मी पुढे गेलो. काय करणार होतो, कुणास ठाऊक. फळ्यांची अदलाबदल करायची म्हटली तरी प्रत्येकाने मागे स्वतःच्या हाताने नाव जाळलेलं असतं. एवढ्यात मिस ओमा रॅटलिफ दोरी आणि लाकडी खुंट्यांचा डबा घेऊन तिथे पोचल्या. मिस ओमा ब्याऐंशी वर्षांच्या आहेत आणि चाळीस वर्षं दोऱ्या मोजतात. त्यांनी माझी फळी पाहिली, चौथी पाहिली, चष्मा वर सरकवला आणि डब्यातून बारीक खुंटी काढली.

"मिस ओमा," मी हळूच म्हणालो, "ही सगळी माझी नाहीत."

"फळी तुझी आहे. नियम लिहिलेला आहे, फळीवर जास्त छिद्रं असली तर जवळची पाच धरायची, फळीवाल्याच्या नावावर. तुझ्या भावानेच लिहिलाय, तो चिटणीस होता तेव्हा. भांडणं नकोत म्हणून."

"यापूर्वी असं झालंय?"

त्यांनी खुंटी पहिल्या छिद्रात बसवली आणि दोरी फुलीवर धरली. "गेल्या वर्षी होबार्टच्या फळीवर सात होती. त्याच्या आदल्या वर्षी सहा."

"आणि तुम्ही काही बोलला नाहीत?"

"काय बोलायचं असतं, बाळा? मी दोरी मोजते."

मी होबार्टकडे पाहिलं. तो आपल्या फळीचे खिळे गरजेपेक्षा जास्त काळजीने काढत होता.

"तुला माहीत होतं," मी जवळ जाऊन म्हणालो.

"होतं."

"आणि तू त्याला बंदुका विकत राहिलास."

"तो बंदूक मागायला आला, रसेल. मी बंदुका बनवतो. डोळे बनवत नाही." मग खिळ्याकडे बघत, "ही मी पडेल भावात दिली. माझ्याकडे होती त्यातली सगळ्यांत चांगली."

मागे क्लोव्हिस आपल्या फळीशी पोचला होता. त्याने तिच्यावरून तळहात फिरवला, वरून खाली, मग डावीकडून उजवीकडे. हात काळा झाला. एकही छिद्र लागलं नाही. तो कागदाला नाक लावण्याइतका जवळ गेला. मग सरळ झाला आणि म्हणाला, "रसेल, तुझी कुठेय?"

मी त्याला हाताला धरून एक खांब उजवीकडे नेलं. त्याने छिद्रं बोटाने शोधली. कमरेच्या पिशवीतून एक गोळी काढली आणि पहिल्या छिद्रात ठेवून दाबली. ती बसली. दुसरी काढली, तीही बसली. पाचव्या वेळी दोन जुळलेल्या छिद्रांत गोळी अडकून राहीना, घरंगळून गवतात पडली. ती शोधायला कुणीही वाकलं नाही.

"दोरी किती आली, मिस ओमा?"

"तीन इंच आणि तीन अष्टमांश. एकोणीस वर्षांत एवढी आखूड झाली नव्हती." त्यांनी आवाज कोरा ठेवला. "रसेलची."

सगळे जमले होते. नऊ-दहा माणसं, हातात काळ्या फळ्या, आणि प्रत्येकाला आभाळात, बुटांत किंवा लांबच्या डोंगरात काहीतरी पाहण्यासारखं सापडलेलं. शेवटी ड्यूईने घसा साफ केला.

"खाच सरकली असणार," तो म्हणाला.

"सरकते," होबार्ट लगेच म्हणाला. "पितळेत बसवलेली असली की सरकते. गाडीत हादरे बसतात."

"आमच्या रस्त्यावर तर काय विचारूच नका," आणखी कुणीतरी म्हणालं.

"एक टोला हाणायचा डावीकडून. हलकासा," ड्यूई म्हणाला. "पुढच्या वर्षापर्यंत होबार्ट करून देईल."

माझ्या आणि क्लोव्हिसच्या खांबांत सहा फुटांचं अंतर आहे. खाच एवढी सरकायची तर ती बंदुकीवरून उतरून शेजारच्या गाडीत जाऊन बसली असती. हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. त्यातले निम्मे आयुष्यात दुसरं काही शिकलेले नाहीत. पण सगळे गंभीरपणे माना हलवत होते, आणि मी पाहिलं तर माझीही मान हलत होती. फक्त क्लोव्हिसने हो म्हणायचं बाकी होतं. तो हो म्हणाला असता तर आम्ही पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी, हातोडीचे टोले मोजत बसलो असतो.

तो आवाजांच्या दिशेने मान फिरवत होता. नळीत एकेक चेहरा येत असावा आणि जात असावा.

"मी मोजतो," तो म्हणाला.

"काय मोजतोस?" ड्यूईने विचारलं.

"फळ्या. डावीकडून. तीन वर्षं झाली. एक, दोन, तीन, चार, की माझी. खांब मला दिसत नाहीत, पांढरे कागद दिसतात. एखाद्या बाराला मोजणं चुकत असेल, तो होबार्टच्या फळीवर जात असेल. आज पाचही वेळा नीट मोजलं." त्याने काळा हात पँटला पुसला. "आर्विलच्या खांबावर फळी नाही, आणि त्याच्यासमोर सकाळी टोपी काढून मीच बोललो. आणि वर जाऊन पाचही वेळा चौथा कागद माझाच धरला."

"तेच म्हणतोय मी," ड्यूई म्हणाला. "मोजण्यात गफलत. नेमात काय खोट आहे? तीन इंच, क्लोव्हिस. पुढच्या वर्षी आम्ही तुझ्या खांबाला मोठं पांढरं फडकं बांधू. नियमात बसवू."

"मी तुझ्या मागे उभा राहीन," मी म्हणालो. "कुठली तुझी, ते सांगत जाईन."

क्लोव्हिसने मान डावीकडे, मग उजवीकडे फिरवली. मग त्याने विचारलं, "मिस ओमा आत्ता कुठे उभ्या आहेत?"

त्या त्याच्या डावीकडे होत्या, हाताच्या अंतरावर.

"इथेच आहे मी, क्लोव्हिस," त्या म्हणाल्या.

"कधी आलात?"

"मी गेलेच नव्हते."

"बघा," क्लोव्हिस म्हणाला. तो कुणावर रागावला नव्हता. "मला कागद दिसतो. कागदाच्या शेजारी उभं असलेलं माणूस दिसत नाही. आज फळी चुकली. फडकं कशाला बांधता?"

मिस ओमांनी दोरी बोटांभोवती गुंडाळली आणि पुढच्या फळीकडे गेल्या, कारण अजून तीन मोजायच्या होत्या.

तंगडी मला मिळाली. हल्ली ती बर्फाच्या पेटीत, प्लास्टिकमध्ये गुंडाळून देतात. परत येताना ती मागच्या सीटवर इकडून तिकडे सरकत होती आणि वळणावळणाला दारावर आपटत होती. क्लोव्हिसने बंदूक गुडघ्यांमध्ये उभी धरली होती. ओढ्याचा पूल ओलांडल्यावर त्याने विचारलं,

"होबार्टच्या फळीवर किती होती म्हणाल्या मिस ओमा?"

त्याने ऐकलं होतं तर. "सहा. मग सात."

"म्हणजे माझी पहिली बंदूक नीट होती."

"असं दिसतंय."

"आणि दुसरीही."

"हो."

"ड्यूई ती हरणांवर वापरतो," तो म्हणाला. "तीस वर्षं मी तिच्या नळीत लोखंडी तार घातली नाही. ड्यूई घालतो. मी त्याला घालताना पाहिलंय." मग, "तुम्ही कुणीतरी सांगायचं होतंत रे."

"मला आजच कळलं."

"तुला नाही म्हणत. तुला काय कळतं?"

मी मान्य केलं. एका वळणावर पेटी पुन्हा दारावर आपटली. तंगडीचा अर्धा भाग ठेवून घे, असं मी सुचवलं. त्यावर तो म्हणाला, नियमाप्रमाणे ती तुझी आहे. "हा नियम लिहिताना मला वाटलं होतं की मी लोकांवर उपकार करतोय," असंही तो म्हणाला.

घरी पोचलो तेव्हा उजेड होता. काळी दारू नळी खाते, म्हणून बार काढल्याच्या दिवशीच बंदूक धुवावी लागते, मग कुणी मेलं असलं तरी. क्लोव्हिस मागच्या ओट्यावर बसला, चाप उतरवला, खिळ्या बाजूला मांडल्या. त्याचे हात दिसण्यावर अवलंबून नव्हते. इमोजीनने उकळत्या पाण्याची किटली आणली आणि नळीत धार धरली. खालून आधी काळं पाणी आलं, मग करडं.

"मग?" तिने विचारलं.

क्लोव्हिस गज वरखाली करत होता. म्हणून तिने माझ्याकडे पाहिलं.

"तीन इंच आणि तीन अष्टमांश," मी म्हणालो. "एकोणीस वर्षांतली सगळ्यांत आखूड."

"त्याची?"

"त्यानेच मारली."

हे खोटं नव्हतं. किटलीतलं थोडं गरम पाणी तिच्या चपलेवर सांडलं, पण तिच्या ते लक्षात आलं नाही. तिने किटलीचा दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरला. "मी म्हटलं होतं," ती म्हणाली, "मी रसेलला म्हटलं होतं, चांगली निवड. आता पुढच्या ऑक्टोबरला लेक घरी येईल, तेव्हा मिशेललाही बघायला नेऊ. आणि त्या बाकीच्या बंदुकांचं मी उगाच बोलले, क्लोव्हिस, त्या राहू देत भिंतीवर—"

"आणखी एक किटली लागेल," क्लोव्हिस म्हणाला.

पाणी स्वच्छ यायला लागलं होतं, पण ती गेली आणि घेऊन आली. तोपर्यंत मी सांगायचं वाक्य जुळवत होतो, आणि कॉलेजात वीस वर्षं वाक्यं शिकवूनही ते जुळत नव्हतं. क्लोव्हिसने दुसऱ्या पाण्याने नळी धुतली, कोरडी चिंधी फिरवली, ती डोळ्यापासून चार बोटांवर धरून पाहिली, पुन्हा एक फिरवली. पुढच्या शनिवारी बार काढायचा असला की इथे तेलाचं बोट लावतात आणि बंदूक उभी करतात. त्याने ओट्याखाली हात घातला आणि घट्ट ग्रीसचा डबा वर काढला. तो वर्षानुवर्षं ठेवून द्यायच्या बंदुकांसाठी असतो. झाकण गंजलं होतं, त्याने ते सुरीने उचकटलं. मग मोठी चिंधी त्यात बुडवून तो ती नळीत हळूहळू, एकसारख्या जोराने, तळापर्यंत ठासत गेला. तोंडाशी ग्रीस वर आलं, तरी तो थांबला नाही.

इमोजीन या घरात पंचेचाळीस वर्षं आहे. तिने डब्याकडे पाहिलं, मग त्याच्या हातांकडे. माझ्याकडे तिने पाहिलं नाही. खाली वाकून तिने चापाचे सुटे भाग आपल्या अ‍ॅप्रनमध्ये गोळा केले आणि एकेक पुसून त्याच्या पुढे ठेवायला लागली, म्हणजे त्याला शोधावे लागणार नाहीत.